मागे सरकणारा सबनीस

सबनीस माणसाशी बोलता बोलता मागे सरकतो.

म्हणजे तुम्ही बोलताय, तो ऐकतोय, मान हलवतोय, आणि मध्येच त्याचा एक पाय मागे जातो. मग दुसरा. मग तो डावा डोळा बारीक करतो आणि तुमच्याकडं असा बघतो, की जणू तुम्हाला कोणीतरी भिंतीवर टांगलंय आणि जरा तिरकं टांगलंय. माणूस असो, दुकानाची पाटी असो, नाहीतर ताटातली भाजी असो, लांबून बघितल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. मागं काय आहे ते मात्र तो कधी बघत नाही. इथं अमेरिकेत, आमच्या आयसेलिनच्या गल्लीत असं एकही झुडूप नसेल ज्यात सबनीस एकदा तरी बसलेला नाही.

माझी त्याची पहिली गाठ अशीच पडली. मी तासगावहून मुलाकडं नवाच राहायला आलो होतो. दिवाळी आली. महेशच्या, म्हणजे माझ्या मुलाच्या घराला मी लाइटिंग केलं. आता मी लाइटिंग केलं म्हणजे काय, ते इथल्या लोकांना सांगून कळायचं नाही. उभा जन्म मी मांडव घातले. लग्न, मुंज, गणपती, पुढाऱ्याची सभा, काहीही असो, आमच्या भागात मांडव अप्पाचा. शाळा चौथीपर्यंत. पण रिकाम्या मैदानात सकाळी बांबू रोवले की संध्याकाळी तिथं राजवाडा उभा. त्याच हातानं मी महेशचं घर नटवलं. छपराला लाल माळ, खिडक्यांना हिरवी, दाराला निळी-पिवळी पळती, झाडाला गुलाबी, आणि वर मधोमध फिरतं चक्र. जाणाऱ्या गाड्या हळू होत होत्या.

हा उंच, काटकुळा, पांढऱ्या शर्टातला माणूस समोरच्या फुटपाथवर येऊन उभा राहिला. मागे सरकला. डोळा बारीक केला. अजून मागे सरकला, आणि समोरच्या गोऱ्या बाईच्या हायड्रेंजियात बसला. तिथं बसल्या बसल्याच म्हणाला, "मेहनत आहे हो. पण काय काढता येईल?"

मी म्हणालो, "चपला काढता येतील. आत यायचं असेल तर."

तो हसला, झुडपातून उठला आणि खरंच चपला काढून आत आला. तेव्हापासून तो आमच्या घरातच आहे असं मला वाटतं. राहतो दोन घरं सोडून, एकटा. बायको मी यायच्या आधीच वारली, मूलबाळ नाही. पण आमच्या घरात त्याचं नाव माझ्यापेक्षा जास्त वेळा निघतं.

"हे करतात काय?" मी महेशला विचारलं.

"ग्राफिक डिझायनर होते अप्पा. रिटायर झाले. खूप मोठं काम आहे त्यांचं."

"म्हणजे डेकोरेशन."

"डेकोरेशन नाही अप्पा, डिझाइन."

"मग मी काय करत होतो?"

महेशनं ऑफिसचा फोन आल्यासारखं केलं.

मला कोणीतरी नीट सांगावं, की डिझाइन आणि डेकोरेशन वेगळं कसं. जागा दिसली की नटवायची, हाच धंदा ना? मांडवात कुठं एवढंसं कापड मोकळं दिसलं तर तिथं मी झालर सोडायचो. झालरीला गोंडा. गोंड्याला जरीची तार. गिऱ्हाईक मांडवात शिरलं की आधी मान वर करायचं आणि मग तोंड उघडायचं. सबनीसचं उलटं. त्याच्या हातात काही दिलं की तो आधी विचारतो, "हे कशासाठी आहे?" मग म्हणतो, "काय काढता येईल?" आणि शेवटी म्हणतो, "आता जरा कागदाला श्वास घेऊ द्या."

कागदाला दमा कधी झाला ते मला माहीत नाही. पण सबनीसनं केलेलं काहीही बघा, निम्मा कागद मोकळा. अख्खा कागद हातात असताना निम्म्यात लिहायचं, म्हणजे पाहुण्यांना पंगतीत बसवून निम्म्या ताटात वाढण्यासारखं आहे. मी त्याला तसं तोंडावर बोललो.

तो म्हणाला, "अप्पा, तुम्ही मांडवात मधली वाट मोकळी सोडत होता का?"

"सोडणारच. माणसं चालणार कुठून?"

"तेच," तो म्हणाला आणि मागे सरकला.

तेच म्हणजे काय? अर्धवट बोलायची सवयच आहे त्याला. बोलण्यातही कोपरे मोकळे ठेवतो.

त्याच्याबरोबर बाहेर जेवायला जायचं म्हणजे शिक्षा. ओक ट्री रोडवर आपल्या लोकांची एवढी हॉटेलं. एका ठिकाणी आम्ही सगळे बसलो, मेनू आला, सबनीसनं तो लांब धरला, मग हात पुरेना म्हणून खुर्ची मागं घेतली. वाढप्याच्या पायावर गेली ती. "इथं पाच तऱ्हेची अक्षरं आहेत," तो म्हणाला, "आणि सगळी ओरडतायत. मला भूक कशाची लागली होती तेच विसरलो." माझी नात सई हसून हसून टेबलावर पडली. मी तिला लहानपणापासून फोनवर एवढे विनोद सांगितले, कधी अशी पडली नाही.

सई इथंच जन्मलेली. लहान पोरांच्या दातांची डॉक्टर आहे. मराठी समजते, बोलताना घसरते. ती मला म्हणते, "अप्पा, सबनीस काका इज सो कूल." मी विचारलं, "आणि मी?" म्हणाली, "यू आर यू, अप्पा." ह्याचा अर्थ चांगला का वाईट ते मी अजून कोणाला विचारलेलं नाही.

पण खरा घाव घातला तो आमच्या मंडळीनं. हिला प्रेशरच्या गोळ्या. इंग्रजी अक्षर ओळखता येत नाही, त्यामुळं सकाळची कुठली, रात्रीची कुठली, ह्यावरून रोज तंटा. मी सांगायचो, तीही चुकायची, मीही चुकायचो. एकदा औषधाच्या दुकानात उभे असताना हिनं फळीवरचा एक सर्दीच्या गोळ्यांचा खोका उचलला. पांढरा, वर नुसता निम्मा गोल, खालच्या अंगाला निळा. बाकी सगळे खोके लाल-पिवळे, चकाचक. ही म्हणाली, "हे रातच्याला घ्यायचं असतंय, व्हय ना?" महेशनं वाचून बघितलं. रात्रीचंच होतं. "आई, तुला कसं कळलं?" "सांगतंय की ते," ही म्हणाली, "दिस बुडालाय त्याच्यावर."

नंतर कळलं की तो खोका सबनीसचा. म्हणजे नोकरीत असताना त्यानं केलेला.

त्या दिवसापासून ही त्याला थालीपीठ पाठवायला लागली. लोणी लावून. मला लोणी बंद आहे. मी म्हणालो, "निम्मा गोल काढला माणसानं. निम्मा. पुरा काढायचाही कंटाळा."

ही म्हणाली, "तुमी जन्मभर मांडव घातलंसा, मला येकदा तरी त्यातलं कळलं का, की बायकांनी जायचं कुठनं?"

मी त्या दिवशी जेवलो नाही. दुपारपर्यंत.

मग मी सबनीसवर लक्ष ठेवायला लागलो. लपूनछपून नाही, फिरायला जाताना त्याच्या खिडकीवरूनच वाट आहे. महेश सांगायचा, हल्ली हे सगळं कॉम्प्युटरवर होतं, बटण दाबलं की डिझाइन बाहेर. बघतो तर सबनीसच्या टेबलावर कॉम्प्युटर झाकलेला, आणि हा कात्रीनं कागदाचे तुकडे कापून ते बोटानं इकडून तिकडं सरकवतोय. एक तुकडा. सकाळी जाताना डावीकडं होता, येताना उजवीकडं. दुसऱ्या दिवशी पुन्हा डावीकडं. पगार घेऊन माणसानं असं केलं असेल तर अमेरिका खरंच श्रीमंत देश.

बरं, चित्रं तरी येत असतील? तेही नाही. मराठी मंडळाच्या गणपतीत पोरांनी त्याला घेरलं, "काका, बाप्पा काढून द्या ना!" तो म्हणाला, "मला चित्र येत नाही रे." पोरांना वाटलं, गंमत करतोय. शेवटी त्यानं काढला. आमच्या हिनं बघितला आणि शेजारणीला विचारलं, "वांगं कशापायी काढलंय ह्यांनी?"

इतका आनंद मला अमेरिकेत पहिल्यांदाच झाला. चित्र येत नाही, कॉम्प्युटर उघडत नाही, नटवायचं म्हटलं की पोटात दुखतं. मग हा करतो काय? मी हे मंडळात भेटेल त्याला विचारलं. लोक हसायचे, आणि हसून झालं की त्याच्याकडंच जायचे.

"सबनीस काका, बाळाच्या बारशाचं एक छोटंसं कार्ड. पाच मिनिटांचं काम आहे."

"काका, यार, सत्यनारायणाचं इन्व्हाइट. तुम्हाला काय, चहा पिता पिता होईल."

"लोगो जरा मोठा करा ना काका. आणि रंग टाका. थोडं पॉप झालं पाहिजे."

पॉप म्हणजे काय ते मला महेशनं सांगितलं, तरी कळलं नाही. पण मागणी बरोबर होती, रंग पाहिजेच. सबनीस कोणाला नाही म्हणायचा नाही. पाच मिनिटांच्या कामाला आठवडा घालवायचा, तुकडे सरकवायचा, आणि नेऊन द्यायचा. लोक म्हणायचे, "अरे, एवढंच? सिंपल आहे हो. छान." आणि निघून जायचे.

एक मात्र होतं. ज्याचं कार्ड केलं त्याच्या कार्यक्रमाला सबनीस कधी दिसायचा नाही. बारशाला नाही, मुंजीला नाही, लग्नाला तर नाहीच. लोक म्हणायचे, शिष्ट आहे. मोठ्या कंपन्यांची कामं केलेला माणूस, आपल्यात कशाला येईल? हे मोठ्यानं म्हणणाऱ्यांत मी पुढं होतो, ते कशाला लपवू.

अशात सईचं लग्न ठरलं. मुलगा इथलाच, गोरा, नाव डॅनियल. पोहे खातो, बसताना मांडी घालतो, माझी तक्रार नाही. मी ठरवलं, लग्न कुठंही करा, कसंही करा, मांडव घालू देणार नाहीत हे मला माहीत आहे, हॉल घेतलाय. पण पत्रिका माझ्या हातची होणार. माझ्या एकुलत्या एका नातीची पत्रिका तासगावात घराघरांत जाणार होती. ती बघून माणसानं म्हणायला पाहिजे होतं, हे अप्पाचं कार्य. ती माझ्या डोळ्यांपुढं तयारच होती. वर गणपती. दोन्ही अंगांना कलश, सनई-चौघडा, डोलीवाले. कडेनं वेलबुट्टी. कोपऱ्यांत मोर. मध्ये सोनेरी अक्षरं. खाली सगळ्या भाऊबंदांची नावं, आणि माझं नाव सगळ्यांत मोठं.

जेवणाच्या टेबलावर मी तोंड उघडणार एवढ्यात सई म्हणाली, "अप्पा, गेस व्हॉट! पत्रिका सबनीस काका करतायत!"

माझा घास घशात राहिला. हिनं पाणी पुढं केलं. मी घेतलं नाही.

"माझ्या घरचं कार्य," मी म्हणालो, "आणि पत्रिका दोन घरं सोडून?"

"अप्पा, डोन्ट बी लाइक दॅट. तुम्ही पण बसा ना आमच्याबरोबर."

आमच्याबरोबर. म्हणजे ते दोघं आधीच बसलेले, आणि मी पण.

बसलो. बसणारच. मैदान सोडून पळणारा मी नाही. सबनीस आला, पांढरा शर्ट, खिशात पेन्सिल. मी माझं सगळं सांगितलं, गणपतीपासून मोरापर्यंत. त्यानं ऐकून घेतलं. मग त्याचे सुरू झाले सवाल.

"अप्पा, ही पत्रिका तुम्ही देणार कशी?"

"कशी म्हणजे? हातानं."

"पोस्टानं नाही?"

"पोस्टानं बिलं येतात. पत्रिका हातात द्यायची असते. घरी जायचं, पाटावर बसायचं, अक्षता द्यायच्या, आणि सहकुटुंब सहपरिवार यायचं म्हणून सांगायचं. तासगावची तासगावात माझा पुतण्या देईल. इथली मी देणार."

"आणि अक्षता दिल्या नाहीत तर?"

"तर ते बोलावणं नव्हे. कागद नुसता. कागदावर कोण जातंय? मी तर जाणार नाही."

सबनीस पेन्सिल फिरवत बसला. मग म्हणाला, "मला दाखवता का? कशी देता ते?"

आता इथं मला जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मी उठलो. हिनं वाटीत कुंकू कालवून आणलं. एका कोऱ्या कागदाला पत्रिका मानलं. आमच्याकडं चार कोपऱ्यांना ओल्या कुंकवाचा अंगठा उठवतात. बोटानं लावलेलं पुसट दिसतं, अंगठा ठसठशीत. मी चारी कोपऱ्यांना उठवला, वर अक्षता ठेवल्या, आणि दोन्ही हातांनी सबनीसपुढं धरला.

त्यानं कागद घेतला. मागे सरकला. फ्रिजला धडकला. डोळा बारीक करून बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "अप्पा, तुमचा अंगठा मला पाहिजे. वेगळ्या कागदावर. जरा नीट दाबून."

मी हात मागं घेतला.

"कशाला?"

"लागेल. मापाला."

"सबनीस," मी म्हणालो, "मी सही करतो. चौथी शिकलोय मी. बँकेत सही करतो, पासपोर्टावर सही आहे माझी. अंगठा उठवणाऱ्यातला नाही मी. तुमच्यासारखं शिकलो नसेन, पण माझ्या घरात, माझ्या नातीसमोर, माझा अंगठा मागायचा?"

"अहो, तसं नाही अप्पा..."

"कसं ते मला कळतं."

"अप्पा, काका डिडन्ट मीन..." सई म्हणाली.

"तू गप. जा, त्याच्याच पाया पड लग्नात."

मी वर माझ्या खोलीत गेलो. खालून सईचा रडवा आवाज आला आणि सबनीसचा हळू आवाज आला. तो काय बोलला ते ऐकू आलं नाही. मी दाराशी कान लावला होता, तरीही नाही.

पुढं बरेच दिवस मी त्याच्या खिडकीवरून गेलो नाही. दुसऱ्या बाजूनं फिरायला जायचो, तिकडं चढ आहे. त्याचा निरोप आला सईकडून, "अप्पांना विचार, कुठलं नाव गाळलं तर कोण रागावेल?" मी म्हणालो, "सगळे." मला वाटलं, काढायची सवय आहे, आता माझे भाऊबंद काढणार. निरोपाचं उत्तर आलं, "मग एकही काढत नाही."

पत्रिका छापून आल्या. खोका मी उघडायचा नाही असं ठरवलं होतं. सगळे खाली बसले होते. मी पाणी प्यायला उतरलो.

पांढरी. नुसती पांढरी. गणपती होता, एका रेघेचा, बहुतेक दुसऱ्या कोणीतरी काढलेला, कारण वांगं वाटत नव्हतं. मजकूर मधे, मराठी एका बाजूला, इंग्रजी दुसऱ्या. मोर नाही, कलश नाही, वेल नाही. चारी कोपरे ठणठणीत मोकळे. आत उघडलं की सगळी नावं, एकसारख्या अक्षरांत, कोणी लहान नाही, कोणी मोठा नाही.

"माझं नाव कुठाय?"

"हे काय अप्पा," महेश म्हणाला.

सगळ्यांच्या खाली, एकटं. तेवढ्याच अक्षरात. पण भोवती चहूकडं जागा सोडलेली. मैदानात एकट्या उभ्या माणसासारखं दिसत होतं ते. मी म्हणालो, "मोठं करायला काय धाड भरली होती?" पण पत्रिका लगेच खाली ठेवली नाही.

"कुंकू आणू?" हिनं विचारलं.

"आण. ह्या पांढऱ्या कागदावर काहीतरी तांबडं लागू दे."

मी अंगठा बुडवला आणि कोपऱ्यात उठवला. बसला. म्हणजे बरोबर बसला. कशावरही गेला नाही. उभ्या जन्मात मी पत्रिका दिल्या, अंगठा कधी मोराच्या पिसाऱ्यावर यायचा, कधी कलशावर, कधी गणपतीचा कान झाकायचा, आणि आम्ही म्हणायचो, चालायचंच. इथं चारी कोपऱ्यांत चार तांबडे अंगठे, आणि एकाएकी ती पत्रिका भरल्यासारखी झाली. नटलीसुद्धा.

सई ओरडली, "अप्पा! लुक! काकांनी तुमच्या थंबसाठी जागा ठेवली! म्हणून तो पाहिजे होता!"

हिनं नुसतं माझ्याकडं बघितलं. बायकोचं नुसतं बघणं फार वाईट.

मी म्हणालो, "अंगठा माझा आहे. कौतुक त्याचं कशाला?"

मग वाटप सुरू झालं. महेश गाडी चालवायचा, ही अक्षतांची वाटी धरायची, मी पत्रिका द्यायचो. एडिसन, आयसेलिन, लांबलांबची घरं झाली. लोक पत्रिका बघायचे आणि म्हणायचे, "वॉव, सिंपल!" मग अंगठे बघायचे आणि म्हणायचे, "हे किती सुंदर डिझाइन आहे!" मी सांगायचो, ते माझं.

शेवटी आमची गल्ली उरली. गाडीतून उतरताना मी विचारलं, "सबनीसची राहिली ना?"

महेश म्हणाला, "त्यांना काय द्यायची अप्पा? त्यांनीच तर केली. असतीलच त्यांच्याकडं."

"आणि काका नेव्हर कम्स," दारातून सई म्हणाली. "मी टीनएजर होते तेव्हापासून बघते. कोणाच्याच फंक्शनला येत नाहीत."

महेशच्या ‘असतीलच त्यांच्याकडं’ ह्या शब्दांवर मी पायरीवरच थांबलो.

कारण ते मला माहीत आहे. तासगावात उभा जन्म मी लग्नांचे मांडव घातले. आदल्या दिवसापासून मी तिथंच. खांब न् खांब माझ्या हातचा. आणि पत्रिका वाटणारे माझ्या दारावरून पुढं जायचे. म्हणायचे, अप्पाला काय बोलवायचं, तो मांडवातच असतोय की. त्या मांडवात मी कधी जेवलो नाही. भटजींनी मंगलाष्टकं सुरू केली की मी मागच्या कनातीतून बाहेर पडायचो आणि घरी येऊन भाकरी खायचो. ही विचारायची, "आज लगीन हुतं न्हवं?" मी म्हणायचो, "पोट बिघडलंय." लोक म्हणायचे, अप्पा लई ताठ.

ताठ होतोच. बोलावल्याशिवाय जेवायला बसणाऱ्यातला मी नव्हतो. आजही नाही.

"वाटी दे," मी हिला म्हणालो.

"मी येऊ?"

"नको. तू आलीस की तो थालीपिठाच्या गोष्टी काढील."

दोन घरं चालत गेलो. हातात ताट, ताटात पत्रिका, अक्षता, सुपारी. कुंकू घरूनच लावून नेलं होतं. बेल वाजवली. सबनीसनं दार उघडलं, ताटाकडं न बघता पत्रिकेकडं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. खिशातून पेन्सिल काढली.

"काय चुकलं अप्पा? नाव राहिलं का कोणाचं?"

"राहिलं," मी म्हणालो. "तुमचं."

त्याला कळलं नाही. मी आत गेलो. पांढऱ्या भिंती, एक खुर्ची, एक टेबल, वर त्याचे कागदाचे तुकडे. पाट नव्हताच, त्याला खुर्चीत बसवलं. "हात पुढं करा," म्हणालो. त्यानं पेन्सिल धरलेलाच हात पुढं केला. "पेन्सिल ठेवा." ठेवली. मी अक्षता हातावर घातल्या, पत्रिका दोन्ही हातांनी दिली आणि रोजच्या सवयीनं तोंडातून गेलं, "सहकुटुंब, सहपरिवार यायचं."

बोललो आणि जीभ चावली.

सबनीस पत्रिका वाचायला लागला. त्यानंच केलेली, त्यानंच तुकडे सरकवून सरकवून बसवलेली. पण वाचत होता असा, की पोस्टमन आत्ताच देऊन गेलाय. ओठ हलत होते. पहिल्यांदा मी बघितलं की हा माणूस काहीतरी जवळ धरून बघतोय. डोळाही बारीक केला नाही.

"हा शब्द," तो म्हणाला. बोट ‘सहकुटुंब’वर होतं. "करताना वाटलं होतं, हल्ली कोण वाचतंय, काढावा का."

"मग?"

"मालती असताना यायची बोलावणी. ती पाटावर बसायची आणि मी तिच्या मागं उभा. मग..." तो थांबला. अर्धवट बोलायची सवय आहेच त्याला. "राहू दिला."

मी म्हणालो, "लग्नात सईनं आधी माझ्या पाया पडलं पाहिजे. तुमच्या नंतर. हे आत्ताच सांगून ठेवतो."

"बरोबर आहे," तो म्हणाला.

तो उठला आणि पत्रिका त्या मोकळ्या भिंतीशी, फळीवर उभी केली. आणि मग सवयच ती. एक पाय मागं गेला, दुसरा गेला, अजून एक, आणि त्याची पाठ येऊन माझ्या छातीवर आपटली. हलकं अंग माणसाचं, कागदासारखं.

मी बाजूला झालो नाही.

"काय काढायचं?" मी मागून विचारलं.

तो बघत राहिला. पांढरी भिंत, पांढरी पत्रिका, चार तांबडे अंगठे.

"डावीकडचा खालचा जरा तिरका आलाय," तो म्हणाला. आणि मग म्हणाला, "असू दे."